वाचकांचे प्रश्न : दोन वॉटर ब्लॉक तोलावेत कसे?

प्रोसेसरवर बसवायच्या वॉटर ब्लॉकविषयी (आतून पाणी फिरवून प्रोसेसरची उष्णता उचलणाऱ्या धातूच्या ठोकळ्याविषयी) आलेल्या पत्रांपैकी, ज्यांची उत्तरे इतर वाचकांनाही उपयोगी पडतील अशी काही पत्रे येथे संक्षेपाने घेतली आहेत. पहिल्या पत्रात वाचकाने सर्व आवश्यक आकडे दिले असल्यामुळे त्याचे उत्तर विस्ताराने दिले आहे.

प्रश्न : माझ्या संगणकात इंटेलचा कोअर आय९-१३९००के हा प्रोसेसर असून त्यावर मध्यम किमतीचा वॉटर ब्लॉक आहे. माझ्या मित्राकडे हाच प्रोसेसर आणि जवळजवळ दुप्पट किमतीचा ब्लॉक आहे. दोघांनीही वीजमर्यादा २०० वॅटवर ठेवून सारखाच भार दिला, तेव्हा माझा प्रोसेसर ८५ अंशांवर स्थिरावला आणि त्याचा ७५ अंशांवर. माझ्या खोलीचे तापमान ३३ अंश व टाकीतील पाण्याचे ४३ अंश होते. त्याच्या वातानुकूलित खोलीत हेच आकडे २४ आणि ३१ होते. दहा अंशांच्या फरकासाठी ब्लॉक बदलावा का?
— एक वाचक, नाशिक

उत्तर : आपण पाण्याचे तापमान नोंदवलेत हे फार चांगले केलेत, कारण आपल्या प्रश्नाचा निकाल त्याच आकड्यावर लागतो. चिपमध्ये निर्माण झालेली उष्णता प्रथम हीट स्प्रेडरमध्ये (चिपवरच्या धातूच्या झाकणात), तेथून थर्मल पेस्टच्या, म्हणजे दोन धातूंमधली फट भरणाऱ्या लेपाच्या, थरातून ब्लॉकच्या तळात आणि तळावरच्या पात्यांमधून पाण्यात जाते. ब्लॉकचे काम येथे संपते. पुढे त्या पाण्यातील उष्णता हवेत सोडण्याचे काम रेडिएटर आणि पंखे करतात, आणि त्यांच्या यशापयशाशी ब्लॉकचा काहीही संबंध नसतो. म्हणून ब्लॉकची पारख करताना प्रोसेसरच्या तापमानातून पाण्याचे तापमान वजा करावयाचे असते, खोलीचे नव्हे.

आता हिशेब पाहा. आपल्याकडे ८५ उणे ४३ म्हणजे ४२ अंश. मित्राकडे ७५ उणे ३१ म्हणजे ४४ अंश. दोन्ही संख्यांना २०० वॅटने भागले असता आपल्या ब्लॉकचा औष्णिक रोध दर वॅटमागे ०.२१ अंश आणि मित्राच्या ब्लॉकचा ०.२२ अंश येतो; हा आकडा जितका कमी तितका ब्लॉक चांगला. जो दहा अंशांचा फरक आपल्याला खटकतो आहे, त्यातले नऊ अंश खोलीच्या हवेचे आहेत आणि तीन अंश रेडिएटरचे आहेत, कारण आपले पाणी हवेपेक्षा १० अंशांनी गरम आहे तर मित्राचे ७ अंशांनी. या दोहोंची बेरीज बारा होते, प्रत्यक्ष फरक मात्र दहाच आहे; म्हणजे मित्राचा महागडा ब्लॉक आपल्यापेक्षा दोन अंशांनी मागेच पडलेला दिसतो.

तरीही आपला ब्लॉक श्रेष्ठ ठरला असा निष्कर्ष लगेच काढू नये, कारण दोन अंश ही अशा मोजणीत सहज इकडेतिकडे होणारी गोष्ट आहे. पेस्टच्या थराचेच घ्या. सामान्य प्रतीच्या पेस्टची उष्णतावाहकता दर मीटर-केल्विनला ५ वॅटच्या आसपास धरली आणि दहा चौरस सेंटिमीटर पृष्ठभागावर तो थर ठरल्यापेक्षा केवळ ०.०५ मिलिमीटरने जाड राहिला, तर २०० वॅटच्या भाराला तेवढ्याने दोन अंश वाढतात. आणि चिप स्प्रेडरपेक्षा बरीच लहान असल्यामुळे प्रत्यक्षात वाढ याहून अधिकच होते. एकाच मॉडेलच्या दोन चिपांमध्येही थोडाफार फरक असतोच, शिवाय प्रोसेसरचा अंतर्गत सेन्सर तापमान पूर्ण अंशांतच सांगतो आणि टाकीत बसवायचे स्वस्त सेन्सर अर्धा-एक अंश चुकतात. याच कारणाने जबाबदारीने चाचणी घेणारे लोक एकाच प्रोसेसरवर प्रत्येक ब्लॉक काढून, पुसून, नवी पेस्ट लावून किमान तीन, शक्य तर पाच वेळा बसवतात, आणि सरासरीबरोबर सर्वांत कमी व सर्वांत जास्त आकडाही छापतात. ज्या चाचणीत ब्लॉक एकदाच बसवलेला असतो आणि तरी दशांश अंशांवरून क्रम लावलेला असतो, तो क्रम ब्लॉकचा आहे की बसवणाऱ्याच्या हाताचा हे वाचकाला कळण्याचा मार्ग नाही.

आपल्या प्रोसेसरच्या बाबतीत आणखी एक गोष्ट आहे. एलजीए१७०० सॉकेटचा (मदरबोर्डवर आपला प्रोसेसर ज्या खोबणीत बसतो तिचा) पकडपट्टा लांबट प्रोसेसरला दोन बाजूंच्या मध्यावर दाबतो, त्यामुळे स्प्रेडर किंचित वाकून मधोमध खोलगट होतो. पुढच्या वेळी ब्लॉक उचलाल तेव्हा तो न फिरवता सरळ वर उचला आणि पेस्टचा ठसा नीट पाहा. मध्यभागी पेस्टचा जाड, अपारदर्शक पट्टा आणि दोन्ही टोकांना धातू जवळजवळ उघडा दिसत असेल, तर नेमक्या जेथे चिप आहे तेथेच संपर्क कमी पडतो आहे. थर्मल ग्रिझली, थर्मलराइट इत्यादी कंपन्या मूळ पकडपट्ट्याऐवजी बसवण्याची चौकट विकतात. ती बसवून हा वाक बराच कमी करता येतो. काही ब्लॉकांचा तळ मुद्दाम मध्यभागी किंचित फुगीर ठेवलेला असतो आणि तो अशा खोलगट स्प्रेडरवर छान बसतो, परंतु तोच ब्लॉक सपाट स्प्रेडरवर ठेवला तर कडा उचललेल्या राहतात. त्यामुळे एका सॉकेटवर पहिला आलेला ब्लॉक दुसऱ्या सॉकेटवर तिसरा आला तर त्यात विसंगती नाही.

थोडक्यात, पैसे खर्च करावयाचेच असतील तर आपल्या बाबतीत ते मोठ्या रेडिएटरवर किंवा त्या चौकटीवर करावेत. ब्लॉक आहे तोच राहू द्यावा.

प्रश्न : माझ्याजवळ एक जुना वॉटर ब्लॉक आहे, त्यात रुंद नागमोडी नाली कोरलेली आहे. नव्या ब्लॉकात मात्र केसासारख्या बारीक पात्या दिसतात. बारीक फटी तुंबणार हे उघड असताना उत्पादक त्याच मागे का लागले आहेत?
— अभियांत्रिकीचा विद्यार्थी, पुणे

उत्तर : कारण रुंद नालीतील बहुतेक पाणी तांब्याला शिवतच नाही. भिंतीला लागून वाहणारा पाण्याचा पातळ थर गरम होतो, मधला प्रवाह थंडच निघून जातो, आणि पाणी स्वतः उष्णतेचे फार मंद वाहक असल्यामुळे (तांब्याची वाहकता सुमारे ४००, तर पाण्याची अवघी ०.६) त्या थरातून उष्णता मध्यापर्यंत पोहोचत नाही. नाली अरुंद केली की प्रत्येक थेंब भिंतीच्या जवळ येतो. संथ, स्तरित प्रवाहात उष्णता घेण्याचा दर फटीच्या रुंदीच्या व्यस्त प्रमाणात असतो, म्हणजे फट निम्मी केली की दर दुप्पट होतो; शिवाय तेवढ्याच जागेत पात्यांची संख्याही दुप्पट मावते.

हा विचार संगणकाच्या हौशी मंडळींनी शोधलेला नाही. स्टॅनफर्ड विद्यापीठात टकरमन आणि पीस या संशोधकांनी १९८१ मध्ये सिलिकॉनच्या तुकड्यातच सुमारे ५० मायक्रॉन रुंद आणि ३०० मायक्रॉन खोल खाचा पाडून त्यांतून पाणी वाहवले आणि दर चौरस सेंटिमीटरला ७९० वॅट इतकी उष्णता ७१ अंशांच्या वाढीत काढून दाखवली. घरगुती संगणकाच्या ब्लॉकांनी तेथवर येण्यासाठी पुढे बराच काळ घेतला : आधी आपल्याकडे आहे तशी नागमोडी नाली, मग खुंट्यांचे तळ, मग बारीक छिद्रांतून तळावर पाण्याचे फवारे मारणारे ब्लॉक, आणि शेवटी आजच्या पात्या. आजचा बहुतेक प्रत्येक चांगला ब्लॉक हा फवारा आणि पात्या यांचा संकर आहे. झाकण आणि पात्या यांच्यामध्ये एक पातळ पत्रा असतो आणि त्याला मधोमध एक लांबट फट असते. पाणी त्या फटीतून पात्यांच्या मध्यावर पडते आणि मुख्य पाटातून दोन्ही बाजूंच्या वाफ्यांत फुटावे तसे डावी-उजवीकडे फुटून बाहेर जाते. सर्वांत थंड आणि सर्वांत वेगवान पाणी अशा रीतीने नेमके चिपच्या डोक्यावर पडते. म्हणूनच या ब्लॉकांना येणारी आणि जाणारी नळी ठरलेली असते. ती उलटी जोडली तर ब्लॉक चालतो, परंतु तापमान काही अंशांनी वाढते, आणि नवा ब्लॉक निकृष्ट निघाला अशा तक्रारींपैकी काहींचे मूळ एवढेच असते.

याची किंमत दाबाच्या रूपाने मोजावी लागते. पात्या आणि फटी दोन्ही निम्म्या रुंदीच्या केल्या तर तेवढ्याच दाबाला त्यांतून वाहणारे पाणी, कागदावरील हिशेबाने, चौथाईवर येते. म्हणून घरगुती ब्लॉकांत फटी टकरमन-पीस यांच्याइतक्या बारीक करत नाहीत. आपली तुंबण्याची भीतीही रास्त आहे, त्याविषयी पुढे लिहिले आहे. आपण पुण्यातच आहात तर आणखी एक उदाहरण देतो. येथील आयसर संस्थेत २०१९ मध्ये बसवलेला परम ब्रह्म हा महासंगणक याच जातीच्या तंत्राने, म्हणजे प्रोसेसरला थेट भिडवलेल्या द्रवशीतित पट्ट्यांनी, थंड केला जातो.

प्रश्न : एका दुकानदाराने सांगितले की पंप मंद चालवावा, कारण पाणी फार वेगाने गेले तर त्याला उष्णता उचलायला वेळच मिळत नाही. हे खरे आहे का?
— एक वाचक, इचलकरंजी

उत्तर : खरे नाही, मात्र हा समज फार चिवट आहे. पाणी बंदिस्त फेऱ्यात फिरत असते. एका फेरीत ते ब्लॉकमध्ये कमी वेळ थांबले तर तितक्याच अधिक वेळा परत येते. दर मिनिटाला १ लिटर प्रवाह असेल तर २०० वॅटच्या उष्णतेने पाणी ब्लॉकमधून जाताना सुमारे २.९ अंशांनी तापते. प्रवाह ४ लिटर केला तर ०.७ अंशांनी. दोन्ही वेळी वाहून नेलेली उष्णता २०० वॅटच आहे, परंतु दुसऱ्या वेळी पात्यांना भेटणारे पाणी सरासरीने थंड आहे आणि भिंतीलगतचा थरही पातळ आहे. प्रवाह वाढवल्याने ब्लॉकचे काम बिघडत नाही. फक्त फायदा हळूहळू घटत जातो आणि पंपाचा आवाज वाढत जातो, त्यामुळे दीड-दोन ते चार लिटरच्या दरम्यान कोठेतरी थांबणे शहाणपणाचे असते.

तुलनेच्या दृष्टीने यातून एक महत्त्वाचा मुद्दा निघतो. काही चाचण्यांत सर्व ब्लॉकांना सारखाच प्रवाह दिलेला असतो. ब्लॉकची रचना समजून घ्यायला हे ठीक आहे, परंतु विकत घेणाऱ्याला त्याचा उपयोग मर्यादित असतो, कारण आपल्या घरी सारखा असतो तो पंप, प्रवाह नव्हे. दाटीवाटीच्या पात्यांचा ब्लॉक ४ लिटरला दुसऱ्याहून एक अंशाने सरस असेल, पण आपल्या पंपाने त्यातून अडीच लिटरच पाणी जात असेल आणि मोकळ्या ब्लॉकमधून साडेतीन, तर तो एक अंश टिकेलच असे नाही. उत्पादकाने किंवा चाचणीकाराने प्रवाह आणि दाबातील घट यांचा आलेख दिलेला असेल तर त्याच कागदावर आपल्या पंपाची रेषा काढावी. दोन रेषा जेथे छेदतात तेथील प्रवाह आपल्याला मिळणार, आणि त्याच प्रवाहावरचे तापमान वाचावे. रेडिएटर, वळणे आणि ग्राफिक्स कार्डाचा ब्लॉक यांचाही वाटा त्यात मिळवावा लागतो. फेऱ्यात केवळ प्रोसेसरच असेल आणि पंप डी५ जातीचा (वॉटर कूलिंगमध्ये सर्रास वापरला जाणारा ताकदवान पंप) असेल तर दाटीच्या ब्लॉकला घाबरण्याचे कारण नाही.

प्रश्न : एएमडीच्या रायझेन ७ ७७००एक्स प्रोसेसरवर ब्लॉक आडवा बसवावा की उभा? पात्यांच्या दिशेने फरक पडतो का?
— एक वाचक, बंगळुरू

उत्तर : पडतो, आणि इंटेलच्या प्रोसेसरपेक्षा येथे अधिक पडतो. १३९००केमध्ये एकच मोठी चिप स्प्रेडरखाली जवळजवळ मध्यावर असते. आपल्या प्रोसेसरमध्ये मात्र गणन करणारी चिप वेगळी, केवळ ७० चौरस मिलिमीटरच्या आसपास आकाराची आणि मध्यापासून एका कडेला सरकलेली आहे. जोडणीची चिप मध्याजवळ आहे, परंतु ती त्या मानाने फारशी तापत नाही. ब्लॉकची मधली फट आपले सर्वांत थंड पाणी स्प्रेडरच्या मध्यावर सोडते आणि उष्णता उगवते कडेला. नॉक्टुआ या ऑस्ट्रियन कंपनीने आपल्या हवेच्या कूलरसाठी ७ मिलिमीटर सरकवून बसवण्याच्या पट्ट्या काढल्या आणि एएम५ सॉकेटच्या, म्हणजे आपल्यासारख्याच, प्रोसेसरवर त्यांचा एक ते तीन अंश फायदा सांगितला, तो याच कारणाने. काही वॉटर ब्लॉकांबरोबरही आता अशा सरकत्या पट्ट्या मिळतात.

पट्टी नसेल तर ब्लॉक असा बसवून पाहावा की मधल्या फटीची लांबी चिप ज्या दिशेने सरकलेली आहे त्याच दिशेने राहील, म्हणजे फटीचा काही भाग तरी चिपच्या वरून जाईल. एक अंश, फार तर दोन, एवढीच अपेक्षा ठेवावी. हा प्रोसेसर पूर्ण भाराखाली ९५ अंशांपर्यंत जाऊन तेथे वेग सांभाळेल असाच मुळात आखलेला आहे. त्यामुळे ज्या चाचणीत दोन्ही ब्लॉकांखाली तो ९५ अंशच दाखवतो, तेथे तापमान पाहण्यात अर्थ नसून कोणत्या ब्लॉकखाली त्याने किती वॅट खर्च केले आणि किती वेग गाठला ते पाहावे.

प्रश्न : तांबे, निकेलचा मुलामा दिलेले तांबे आणि ॲल्युमिनियम यांपैकी कोणता ब्लॉक घ्यावा? तसेच ब्लॉक किती दिवसांनी उघडून साफ करावा?
— एक वाचक, ठाणे

उत्तर : उघडे तांबे आणि मुलाम्याचे तांबे यांत थंड करण्याच्या दृष्टीने फरक नाही. दहा मायक्रॉनच्या निकेलच्या थराने २०० वॅटला अंशाचे जेमतेम दोन शतांश वाढतात. मुलामा रंग टिकवण्यासाठी असतो. उघडे तांबे काळपट होते, परंतु त्याने काम बिघडत नाही. माझे मत विचाराल तर झाकणाआड जाणाऱ्या धातूच्या चकाकीसाठी जादा पैसे देण्यात काही हशील नाही. चांदीची वाहकता तांब्यापेक्षा सात टक्क्यांच्या आसपास अधिक असली तरी तळाच्या दोन-तीन मिलिमीटर जाडीत त्याचा लाभ नगण्य आहे.

ॲल्युमिनियमची गोष्ट वेगळी आहे. तो धातू स्वतः वाईट नाही, पण तांब्याच्या ब्लॉकबरोबर ॲल्युमिनियमचा रेडिएटर, किंवा याच्या उलट, एकाच पाण्यात कधीही जोडू नये. दोन धातू आणि मध्ये पाणी म्हणजे विद्युत घटच झाला. त्यात ॲल्युमिनियम झिजत जाते आणि त्याचा पांढरा गाळ पात्यांत जाऊन बसतो. गंजरोधक द्रव घातल्याने हे लांबते, टळत नाही. स्वस्तातला रेडिएटर घेताना तो आतून कशाचा आहे हे विक्रेत्याला स्पष्ट विचारावे.

साफसफाईसाठी ठरावीक दिवस सांगण्यापेक्षा खूण सांगतो : पंपाचा वेग तोच असताना प्रवाहमापकावरचा आकडा घसरू लागला, किंवा पाणी आणि प्रोसेसर यांच्यातील अंतर पूर्वीपेक्षा तीन-चार अंशांनी वाढले, तर ब्लॉक उघडावा. मऊ प्लॅस्टिकच्या नळ्या वापरणाऱ्यांना आत बहुधा एक चिकट, पांढुरका-हिरवट थर दिसेल. तो शेवाळाचा असतोच असे नाही. नळी लवचिक ठेवण्यासाठी तिच्यात घातलेला पदार्थ हळूहळू पाण्यात उतरतो आणि सर्वांत अरुंद जागी, म्हणजे मधल्या फटीखालच्या पात्यांत, साचतो. उघडण्यापूर्वी प्रत्येक थराचे छायाचित्र घ्यावे, कारण पत्रा उलटा बसवणे ही फार सहज होणारी गोष्ट आहे. मऊ दातब्रश पात्यांच्या दिशेनेच फिरवावा, आडवा नव्हे. उघड्या तांब्यासाठी पाणी मिसळलेले व्हिनेगर चालते, मुलाम्याच्या ब्लॉकला ते लावू नये. झाकण ॲक्रिलिकचे असेल तर त्याला अल्कोहोल लागू देऊ नये, बारीक तडे जातात. रबरी कडी फुगलेली किंवा चपटी दिसली तर बदलावी आणि ऊर्ध्वपातित पाण्यात उत्पादकाने सांगितलेले द्रव्य मिसळूनच पुन्हा भरावे. नळाचे किंवा बोअरचे पाणी नको.

प्रश्न : मे महिन्यात आमच्या खोलीत ४२ अंश तापमान असते. टाकीत बर्फ टाकावा का, किंवा पाणी थंड करणारे यंत्र जोडावे का?
— एक वाचक, नागपूर

उत्तर : बर्फ टाकू नये. २०० वॅटच्या उष्णतेने एक किलो बर्फ अर्ध्या तासात वितळतो आणि पाणी फेऱ्यात बाहेरचे क्षार घेऊन येते. थंड करणारे यंत्र चालेल, मात्र पाणी दवबिंदूच्या खाली जाता कामा नये, अन्यथा ब्लॉकच्या बाहेर आणि सॉकेटमध्ये दव धरेल. कोरड्या नागपुरात ४२ अंश आणि २० टक्के आर्द्रतेला दवबिंदू १४ अंशांच्या आसपास येतो, म्हणून आपल्याला मोकळीक बरीच आहे. हाच प्रयोग मुंबईत ३२ अंश आणि ७५ टक्के आर्द्रतेला केला तर २७ अंशांनाच दव धरू लागेल.

तथापि अशा यंत्राची गरज आहे असे वाटत नाही. जर्मनीत म्यूनिकजवळ गार्खिंग येथे २०१२ मध्ये सुरू झालेला सुपरएमयूसी हा महासंगणक मुद्दामच सुमारे ४० अंशांच्या कोमट पाण्याने थंड केला जात असे. पहिल्या पत्रातल्यासारखीच जोडणी आणि २०० वॅटचा भार आहे असे मानले तर आपले पाणी मे महिन्यात ५२ अंशांपर्यंत जाईल, त्यावर ब्लॉकचे ४० अंश धरले तर प्रोसेसर ९२ अंशांवर राहील. वीजमर्यादा २०० वरून १५० वॅटवर आणली तर ब्लॉकवरचे दहा आणि रेडिएटरवरचे अडीच असे साडेबारा अंश कमी होतात, आणि वेगात त्या मानाने फार थोडी घट होते. डी५ पंपासाठी पाण्याची मर्यादा साधारणपणे ६० अंश दिलेली असते, तेव्हा पाणी ५५ अंशांवर गेल्यास संगणक आपोआप बंद होईल अशी सूचना मदरबोर्डच्या मांडणीत घालून ठेवावी.